एजंटच्या वहीत काय लिहावं

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, वडगाव-धायरी-नऱ्हे या पट्ट्यात मी अकरा वर्षं घरांचे व्यवहार करते. सुरुवात भाड्याच्या फ्लॅटपासून केली, मग रिसेलकडे, म्हणजे जुन्या फ्लॅटच्या खरेदी-विक्रीकडे वळले आणि आता थोडं नव्या प्रकल्पांचंही काम असतं. या लाइनमध्ये यायचं म्हणून अधूनमधून मुलं-मुली भेटायला येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘ताई, लीड कुठून आणायच्या?’ लीड म्हणजे घर शोधणाऱ्याचं नाव-नंबर. पैसे भरले की घरांच्या जाहिरातींच्या पोर्टलवरून लीड मिळतात, सोसायटीच्या वॉचमनकडून मिळतात, जुन्या ग्राहकांकडून तर सगळ्यात चांगल्या मिळतात. पण हातात आलेली लीड बहुतेक जण पहिल्या दोन फोनमध्येच घालवतात, म्हणून हे लिहिते आहे.

पोर्टलवरची लीड एकाच वेळी चार-पाच एजंटांकडे गेलेली असते, त्यामुळे फोन लगेच करायचा, दुसऱ्या दिवसावर ढकलायचा नाही. फोन लागला की बहुतेक जण माल सांगायला सुरुवात करतात: टू बीएचके आहे, इतक्याला आहे, लिफ्ट आहे, पार्किंग आहे. समोरच्याने हेच सकाळपासून तीनदा ऐकलेलं असतं. मी तीन गोष्टी विचारते. आत्ता कुठे राहता, भाडं किती भरता आणि घर का बदलायचं आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की निम्मं काम झालं.

एका गृहस्थांचा फोन आला होता. म्हणाले, ‘एरिया कुठलाही चालेल, बजेटमध्ये बसवा.’ का बदलताय विचारल्यावर जरा थांबले आणि मग सांगितलं की आईचं डायलिसिस सुरू झालंय, आठवड्यातून तीनदा न्यावं लागतं. तोपर्यंत त्यांना व्हॉट्सअॅपवर आलेल्या फ्लॅटमध्ये दोन तर लिफ्ट नसलेल्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर होते. त्या एजंटांची चूक एवढीच की त्यांनी विचारलं नव्हतं. मी दोनच फ्लॅट दाखवले, दोन्ही लिफ्टचे आणि रिक्षा दारापर्यंत येईल असे. दुसरा त्यांनी घेतला.

मी अजून वही वापरते. अॅप वापरा, एक्सेल वापरा, पण लिहा. डाव्या पानावर ग्राहक काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, उजव्या पानावर मी काय दाखवलं आणि ते पाहून तो काय म्हणाला. एक पान असं आहे: ‘मुलगी आठवीत, शाळा बदलणार नाही. दोन स्कूटर, एक कार. आजीचे गुडघे. स्वयंपाकघरात उजेड हवा. निर्णय काकांचा, लातूरहून रविवारी येणार.’ यातली शेवटची ओळ नवी मंडळी हमखास चुकवतात. नवरा-बायकोला घर आवडतं, एजंट खूश होतो आणि मग गावाहून वडील किंवा काका येतात आणि दक्षिणेकडे दरवाजा आहे म्हणून पाच मिनिटांत नकार देऊन जातात. घरात शेवटचा शब्द कुणाचा आहे ते पहिल्या भेटीतच आदराने विचारावं आणि त्या माणसाला पहिल्या साईट व्हिजिटलाच बोलवावं.

आता पैशांचं. याबाबत माझ्या हातून झालेली चूक मला अजून बोचते. काही वर्षांपूर्वी एका जोडप्याला मी दोन महिन्यांत चौदा फ्लॅट दाखवले. दोघंही नोकरीला, बजेट साठ-बासष्ट लाख सांगितलेलं. चौदावा फ्लॅट पसंत पडला, बासष्ट लाखांना व्यवहार बसला, मालकाला पन्नास हजारांचं टोकन, म्हणजे विसार, दिलं. मग बँकेत गेल्यावर कळलं की या रकमेच्या घराला कर्ज ८० टक्क्यांपर्यंतच मिळतं, म्हणजे ४९ लाख ६० हजार. उरलेले १२ लाख ४० हजार स्वतःचे. त्यावर मुद्रांक शुल्क, म्हणजे स्टॅम्प ड्युटी, पुण्यात ७ टक्के: ४ लाख ३४ हजार. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. माझी दलाली, सोसायटीची ट्रान्सफर फी, वकील. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचे पैसे बँक घराच्या किमतीत धरत नाही, ते खिशातूनच जातात. सगळी बेरीज अठरा लाखांच्या आसपास गेली आणि त्यांच्याकडे होते अकरा. त्या मुलीचे डोळे भरून आले. टोकन मी मालकाच्या हातापाया पडून परत मिळवून दिलं, पण दोन महिने त्यांना जे स्वप्न दाखवलं ते परत घेता येत नाही.

तेव्हापासून पहिला फ्लॅट दाखवायच्या आधी मी कागदावर ही बेरीज मांडते, ग्राहकासमोर. ३० लाखांपर्यंत कर्ज असेल तर ९० टक्के मिळू शकतं, त्याच्या वर ७५ लाखांपर्यंत ८०, आणि त्याहून मोठं कर्ज असेल तर ७५ टक्के. घराची किंमत ठरवणारा बँकेचा माणूस, व्हॅल्यूअर, ती कमी काढू शकतो, तेही तेव्हाच सांगते. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला दर करारातल्या किमतीपेक्षा जास्त निघाला तर स्टॅम्प ड्युटी त्या जास्तीच्या रकमेवर लागते. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे, म्हणजे बासष्ट लाखांना सरळ बासष्ट हजार वाचतात. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला जीएसटी लागतो, साधारण ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार फ्लॅटला लागत नाही. पन्नास लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात खरेदीदाराने विकणाऱ्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस, म्हणजे आयकर, कापून भरायचा असतो, हे विकणाऱ्यालाही आधीच सांगून ठेवावं, नाहीतर शेवटच्या दिवशी ‘माझे पैसे का कापले’ म्हणून वाद होतो. हे सगळं ऐकून काही ग्राहक ‘वर्षभराने बघू’ म्हणतात. म्हणू द्या. त्यातले बरेच वर्षभराने खरंच येतात आणि तुमच्याकडेच येतात.

दुसरी गोष्ट, घराचं वाईट आधी आपण सांगायचं. धायरी २०१७ साली महापालिकेत आली, नऱ्हे २०२१ साली, पण पाण्याच्या लाइन आणि रस्ते वस्ती वाढली त्या वेगाने आले नाहीत. उन्हाळ्यात कितीतरी सोसायट्या टँकरवर असतात. एक निवृत्त जोडपं धायरीत फ्लॅट बघायला आलं होतं. लिफ्टमध्ये शिरायच्या आधी मी त्यांना सेक्रेटरीकडून घेतलेलं मागच्या मे महिन्याचं टँकरचं बिल दाखवलं. फ्लॅटमागे महिन्याला किती पडलं ते सांगितलं, महापालिकेचं पाणी किती वाजता येतं तेही. काका बिल वाचत राहिले. काकू वर गेल्या, हॉल पाहिला नाही, बेडरूम पाहिली नाही, थेट स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि धारेखाली हात धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आधीच्या तिघांनी आम्हाला चोवीस तास पाणी सांगितलं होतं.’ त्या फ्लॅटवर त्यांनी दोन लाख कमी करून मागितले आणि मालकाने दिले. बिल लपवलं असतं तर पहिल्याच एप्रिलमध्ये मला त्या काकूंचा फोन आला असता आणि त्या काय बोलल्या असत्या ते मला ऐकवलं नसतं.

कागदपत्रं. नवा एजंट कागद वकिलावर सोडतो. वकील शेवटी बघतोच, पण फ्लॅट जाहिरातीला लावायच्या आधी मालकाकडून इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), आधीच्या प्रत्येक विक्रीचे साखळी करारनामे, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती, वीजबिल आणि भोगवटा प्रमाणपत्र तुम्ही स्वतः पाहा. मालकाचं कर्ज चालू असेल तर मूळ कागद बँकेत असतात, किती बाकी आहे त्याचं पत्र मागा. आणि फ्लॅट वारशाने आला असेल तर जास्तच सावध. एका व्यवहारात मालक म्हणाले, ‘वडिलांनंतर सोसायटीत माझं नाव नॉमिनी आहे.’ मी ते खरं धरलं, टोकन झालं, आणि करारनाम्याच्या आदल्या दिवशी कळलं की नागपूरला एक बहीण आहे आणि तिने हक्कसोडपत्र दिलेलं नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाकीच्या वारसांच्या सह्या नसतील तर तो व्यवहार होत नाही. तेव्हापासून मालकाला माझा पहिला प्रश्न असतो: ‘भावंडं किती?’

नव्या प्रकल्पांत काम करायचं तर महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची, नोंदणी हवीच. १ मे २०१७ पासून हे लागू आहे. एकट्या माणसाला फी दहा हजार, मुदत पाच वर्षं, आणि आता त्याआधी प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. परीक्षेला घाबरू नका. त्या अभ्यासात कार्पेट एरिया म्हणजे नक्की काय, करारनामा नोंदवायच्या आधी बिल्डर दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम का घेऊ शकत नाही, या गोष्टी पक्क्या होतात आणि ग्राहकासमोर त्याच कामाला येतात. प्रकल्पाचा पी ने सुरू होणारा नंबर महारेराच्या साइटवर टाकून ताबा देण्याची तारीख ग्राहकाला त्याच्याच मोबाइलवर काढून दाखवा. नोंदणी नसलेल्या प्रकल्पाचं ‘प्री-लाँच’ बुकिंग घेऊ नका, कमिशन कितीही सांगितलं तरी. कायद्यात त्यासाठी एजंटलाही दिवसाला दहा हजार रुपये दंड आहे. आणि बिल्डरकडे ग्राहक नेताना आधी लेखी टॅगिंग, म्हणजे हा ग्राहक तुम्ही आणलाय अशी नोंद, करून घ्या, ईमेल किंवा त्यांच्या अॅपवर. तोंडी ‘हो हो’ वर विसंबून माझी एक पूर्ण दलाली गेली आहे.

भाड्याच्या कामाला कमी लेखू नका. एप्रिल ते जुलै इथे भाड्याचा हंगाम असतो आणि आजचा भाडेकरू हा तीन-चार वर्षांनी घर घेणारा असतो. एक मात्र पक्कं करा: महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे भाड्याचा करार, नोंदवावाच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. ‘नोटरी करून टाकू, पैसे वाचतील’ असं मालक म्हणतात. त्यांना सांगा की न नोंदवल्याची जबाबदारी मालकावरच येते. जात किंवा धर्म पाहूनच भाडेकरू आणा म्हणणाऱ्या मालकाचं काम मी घेत नाही. त्यात काही व्यवहार जातात, आणि मला ते मान्य आहे.

फॉलोअपबद्दल थोडं. ‘काय ठरलं?’ एवढंच विचारायला फोन करू नका. प्रत्येक फोनमागे काहीतरी सांगायला हवं: मालक दोन लाख उतरले, त्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर एक निघाला, बँकेचा दर बदलला. पितृपक्षात कुणी टोकन देत नाही, त्यामुळे तेव्हा मागे लागू नका. ते दिवस कागद जमवायला वापरा, कारण दसऱ्याला बुकिंग करायचं लोकांनी आधीच मनात धरलेलं असतं. पाडवा आणि अक्षय्य तृतीयेचंही तसंच. कुणी स्पष्ट ‘नको’ म्हणालं तर आभार मानून नंबरापुढे तसं लिहा आणि पुन्हा फोन करू नका.

या लाइनमध्ये येणाऱ्या मुलींना एक सांगते. अनोळखी ग्राहकाला पहिल्यांदा थेट रिकाम्या फ्लॅटवर भेटू नका. सोसायटीच्या गेटवर भेटा, वॉचमनच्या वहीत त्याचं नाव-नंबर लिहू द्या, घरी कुणाला तरी लोकेशन पाठवा, फ्लॅटचं दार पूर्ण उघडं ठेवा. अंधार पडल्यावर मी एकटी साईट व्हिजिट करत नाही. ‘उद्या सकाळी उजेडात घर नीट दिसेल’ म्हटलं की खरा ग्राहक समजून घेतो.

नोंदणी झाली, दलाली मिळाली की बहुतेक एजंटांचा फोन लागत नाही. मी त्या दिवशी एक कागद देते: वीजबिलावर नाव बदलायचा अर्ज, मालमत्ता कराला नाव लावणं, सोसायटीचा ट्रान्सफर अर्ज, गॅस. काकांसारखी वयस्कर मंडळी असतील तर पहिल्या दोन ठिकाणी मी सोबत जाते. धायरीच्या त्या काकूंचा एप्रिलमध्ये फोन आला होता. टँकर सुरू झालेत, बिल मागच्या वर्षीपेक्षा थोडं जास्त आहे, असं सांगितलं आणि मग म्हणाल्या, ‘माझी भाची वारज्यात भाड्याने राहते, तिचा नंबर लिहून घे.’