रेणूचा आकार काढताना या चुका टाळा

लातूर-नांदेडकडे नीट आणि सीईटीची तयारी करणारी बरीच मुलं रेणूंच्या आकारांचा तक्ता पाठ करतात. तक्त्याबाहेरचा रेणू आला की अडतात. आकार मोजून काढायचा असतो. मध्यवर्ती अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉन जोड्या एकमेकींना ढकलत शक्य तितक्या लांब बसतात, बाकी सगळं त्यातूनच निघतं.

गडबड मोजणीपासूनच सुरू होते. मध्यवर्ती अणूचे संयुजा इलेक्ट्रॉन (सगळ्यात बाहेरच्या कवचातले) घ्या. हायड्रोजन, फ्लोरीन, क्लोरीन अशा कडेच्या प्रत्येक अणूचा १ मिळवा. ऋण प्रभार मिळवा, धन प्रभार वजा करा, मग निम्मे करा. कडेचा ऑक्सिजन या बेरजेत धरू नका. सल्फेटमध्ये सल्फरचे ६ + ऋण प्रभाराचे २ = ८, म्हणजे ४ जोड्या, टेट्राहेड्रल (चतुष्फलकीय). चार ऑक्सिजन मिळवले तर ६ जोड्या येतात आणि उत्तर गेलं.

जोड्यांची मांडणी म्हणजेच आकार, असं धरू नका. आकाराचं नाव फक्त अणूंवरून पडतं. अमोनिया आणि पाणी, दोन्हींत ४ जोड्या, पण अमोनियात एक आणि पाण्यात दोन लोन पेअर (बंधात न गुंतलेल्या जोड्या) असतात, म्हणून अमोनिया पिरॅमिडल (१०७°) आणि पाणी बेंट, म्हणजे वाकलेलं (१०४.५°). कोन कमी होतो, कारण लोन पेअर जास्त जोरात ढकलते.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते ५ जोड्यांत. इथे सगळ्या जागा सारख्या नसतात. वर-खालच्या अक्षीय जागेला ९०° वर तीन शेजारी, मधल्या त्रिकोणातल्या जागेला दोनच. म्हणून लोन पेअर आधी त्रिकोणात बसते. एक असेल तर सी-सॉ (सल्फर टेट्राफ्लोराइड), दोन असतील तर टी आकार (क्लोरीन ट्रायफ्लोराइड), तीन असतील तर लिनिअर (झेनॉन डायफ्लोराइड). कागदावर हे दिसत नसेल तर कणकेच्या गोळ्यात कडब्याच्या पाच काड्या खोचून बघा. एका बैठकीत डोक्यात बसतं. ६ जोड्यांत मात्र दोन लोन पेअर समोरासमोर जातात, म्हणून झेनॉन टेट्राफ्लोराइड चौरस आणि सपाट.

कोनांची तुलना करताना फक्त लोन पेअर मोजून थांबू नका. नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचा कोन सुमारे १०२°, अमोनियापेक्षा कमी. फ्लोरीन मोठा म्हणून कोन मोठा, असं मुलं लिहून येतात. फ्लोरीन बंधातली जोडी स्वतःकडे ओढतो, नायट्रोजनजवळ बंध जोड्यांचं आपसातलं ढकलणं घटतं आणि कोन आवळतो.