सौरडाग बघायचे तर फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावरच

स्वस्तातल्या दुर्बिणीच्या खोक्यात कधीकधी आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) फिरवून बसवायची काळ्या काचेची चकती असते, वर ‘सन’ लिहिलेली. ती सरळ कचऱ्यात टाका. वस्तुभिंगाने (पुढच्या मोठ्या भिंगाने) गोळा केलेली उष्णता नेमकी तिच्यावर पडते, आणि तडकली की ऊन थेट डोळ्यात. दृष्टिपटलाला वेदना होत नाहीत, म्हणजे इजा होताना कळतही नाही. एक्सरे फिल्म, सीडी, काजळी धरलेली काच हे पर्यायही बाद.

ऊन नळीत शिरण्याआधीच अडवायचं. त्यासाठी ५.० घनतेची (घनता म्हणजे प्रकाश अडवण्याची क्षमता) सोलर फिल्म घ्या. ती लाखातला एक भागच प्रकाश आत सोडते. ३.८ घनतेची फिल्म फक्त फोटोसाठी असते, तिच्यातून डोळ्याने बघायचं नाही. नळीच्या तोंडावर घट्ट बसेल अशी जाड पुठ्ठ्याची टोपी करा आणि दोन पुठ्ठ्याच्या कड्यांमध्ये दुहेरी टेपने फिल्म चिकटवा. फिल्म ताणू नका. सुरकुत्यांनी फारसं बिघडत नाही, ताणलेल्या फिल्ममधून मात्र प्रतिमा खराब दिसते. टोपी नळीला बाहेरून टेपने बांधा, कारण वाऱ्याची एक झुळूक पुरते. दर वेळी फिल्म बल्बसमोर धरून बघा. टाचणीएवढं छिद्र दिसलं तरी ती बदला.

फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) काढून ठेवा, निदान झाका तरी. सूर्य शोधायला नळीची जमिनीवरची सावली पुरेशी आहे: सावली आखडून लहानात लहान झाली की नेम बसला.

७०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २० मिमी आयपीस लावलं की ३५ पट वर्धन मिळतं, अख्खी तबकडी आरामात मावते. १० मिमीने डागाचा काळा गाभा आणि भोवतीची करडी झालर वेगळी दिसते. ठिपका डाग आहे की धूळ, अशी शंका आली तर आयपीस फिरवा. धूळ त्याच्याबरोबर फिरते, डाग जागचा हलत नाही.

सकाळी आठ ते दहा ही वेळ चांगली. नंतर तापलेल्या गच्चीवरून उठणाऱ्या हवेने कडा थरथरते. शक्य असेल तर दुर्बीण हिरवळीवर मांडा.

चारचौघांना दाखवायचं तर फिल्टर काढून प्रतिमा कागदावर पाडता येते. २५ मिमी आयपीसमागे ६० सेंमीवर पांढरा कागद धरला की सुमारे १५ सेंमीची तबकडी मिळते. हे फक्त लहान अपवर्तक (भिंगाच्या) दुर्बिणीवर करा, बंद नळीच्या कॅसेग्रेनवर (आरशाच्या दुर्बिणीवर) कधीच नाही. आत उष्णता साचते. प्लॅस्टिकचं किंवा चिकटवलेल्या भिंगांचं आयपीस वापरलं तर ते वितळेल किंवा तडकेल, म्हणून साधं हायगेन्स (न चिकटवलेल्या दोन भिंगांचं आयपीस) घ्या. पोरं वाकून आयपीसला डोळा लावतातच, तेव्हा दुर्बिणीपाशी एक मोठं माणूस सतत उभं हवं.

नोंद ठेवायची असेल तर १५ सेंमीच्या वर्तुळात रोज डाग काढा. दुर्बीण स्थिर ठेवल्यावर सूर्य ज्या दिशेला सरकत बाहेर जातो ती पश्चिम. मग गट मोजून दहाने गुणा आणि सुटे डाग मिळवा: तीन गटांत मिळून ११ डाग असतील तर ३० + ११ = ४१, हा त्या दिवसाचा वुल्फ अंक, म्हणजे सौरडागांचं माप. पूर्व कडेला उगवलेला गट टिकला, तर साधारण तेरा दिवसांनी पश्चिम कडेला मावळतो.