पोर्ट संपले, मग कोड कोणता? मॅन पेज दुरुस्त करताना या चुका टाळा

मॅन पेजवर, म्हणजे लिनक्सच्या माहितीपानावर, एक एरर कोड आणि लिनक्सच्या गाभ्याकडून, म्हणजे कर्नलकडून, हातात पडतो दुसराच! असं दिसलं की पॅच (दुरुस्ती) लिहायला हात शिवशिवतात. जरा दम धरा.

'कनेक्ट' या जोडणी करणाऱ्या कॉलच्या पानावर बरीच वर्षं लिहिलेलं होतं की मोकळे लोकल पोर्ट (जोडणीसाठी आपल्या बाजूला लागणारे क्रमांक) उरले नाहीत तर ईअगेन (११) मिळतो. टीसीपीवर (आधी जोडणी करून डेटा पाठवण्याच्या पद्धतीत) प्रत्यक्षात येतो ईअ‍ॅड्रनॉटअव्हेल (९९). म्हणजे पान चुकलं, पण टीसीपीपुरतंच. यूडीपीत जोडणी न करताच डेटा पाठवता येतो; तिथे बाइंड न केलेल्या (लोकल पोर्ट ठरवून न दिलेल्या) सॉकेटवरून, म्हणजे प्रोग्रामच्या नेटवर्कच्या टोकावरून, 'सेंड' केलं आणि पोर्ट संपलेले असले, तर कर्नल खरोखरच ईअगेन देतो. पोर्ट शून्य देऊन (म्हणजे 'कोणताही मोकळा दे' असं सांगून) स्वतः 'बाइंड' केलंत तर ईअ‍ॅड्रइनयूज (९८). दुखणं एकच, नावं तीन. सगळीकडचा ईअगेन खोडून ९९ लिहिणारा जुनी चूक काढून नवी ठेवून जातो. म्हणून कॉल कोणता आणि सॉकेट कोणत्या जातीचा, हे नोंदीतच यायला हवं.

हे वरचे आकडे एक्स८६ जातीच्या प्रोसेसरवरचे आहेत. पानात मात्र नावच लिहा. कारण प्रोसेसर बदलला की आकडा बदलू शकतो: ईकनरिफ्यूज्ड (जोडणी नाकारली) एक्स८६ वर १११ असतो, मिप्स प्रोसेसरवर १४६.

नुसता कर्नलचा सोर्स कोड वाचून पॅच पाठवू नका, तो एरर कोड स्वतः घडवून पाहा. पोर्टची नेहमीची रेंज ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८२३२ पोर्ट. ते संपवत बसण्याची गरज नाही. वेगळी नेटवर्क नेमस्पेस (त्याच मशीनवरचं स्वतंत्र नेटवर्क) उघडा, तिथलं लूपबॅक (मशीनने स्वतःशीच बोलण्याचा मार्ग) चालू करा आणि रेंज दोन पोर्टवर आणा. इथे बरेच जण फसतात: टीसीपीची प्रत्येक जोडणी वेगळ्या पत्त्याकडे केली तर तोच लोकल पोर्ट पुन्हा वापरता येतो. मग पोर्ट संपतच नाहीत आणि 'हा कोड येतच नाही' असा निष्कर्ष निघतो. म्हणून प्रत्येक जोडणीत समोरचा पत्ता आणि समोरचा पोर्ट दोन्ही तेच ठेवा.

फायरवॉलचंही तसंच. आउटपुट साखळीत (बाहेर जाणाऱ्या डेटाच्या नियमांत) ड्रॉप, म्हणजे टाकून देण्याचा, नियम असला की यूडीपीच्या 'सेंड'ला ईपर्म (परवानगी नाही) मिळतो. टीसीपीचं 'कनेक्ट' मात्र ती एरर गिळून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं आणि शेवटी टाइमआउट होतं. एकावर पाहिलेलं दुसऱ्याच्या नावावर खपवू नका.

आणि 'अननोन एरर ५२४' दिसला तर? तो ईनॉटसप. कर्नलच्या आतल्या वापराचा हा कोड चुकून बाहेर गळतो. मॅन पेजवर त्याची नोंद करणं म्हणजे गळक्या छपराखालच्या बादलीला नकाशात जागा देणं. तिथे प्रोग्रामांना कळणारा ईऑपनॉटसप (ही क्रिया चालत नाही) हवा होता. तसा बदल करणारा पॅच कर्नलच्या नेटवर्किंगवाल्यांकडे पाठवा, पानाला हात लावू नका.