तालीम खंडित झाली तर: खयाल शिकणाऱ्यांसाठी

बदली, आजारपण, गुरू दूरगावी, नाहीतर 2020 सारखी टाळेबंदी. समोरासमोरची तालीम थांबली की काहींचा रियाज सुटतो. बाकीचे यूट्यूबवरून रोज नवी बंदिश उचलतात, आणि हे जास्त महागात पडतं, कारण आपण पुढे जातोय असं वाटत राहतं.

त्यापेक्षा शिकवलेला एकच राग तीन महिने धरा. भूप घ्या. सा रे ग प ध, पण हेच पाच स्वर देसकार रागातही आहेत. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार (ग), देसकाराचा धैवत (ध). धैवतावर जरा रेंगाळलात की गुरू लगेच टोकतात. एकट्याने गाताना टोकणारं कुणी नसतं आणि भूपाचा नकळत देसकार होतो. म्हणून पहिले दोन आठवडे मंद्र (खालच्या) सप्तकातला धैवत ते मध्य सप्तकातला गंधार एवढ्यातच बढत, म्हणजे रागाचा हळूहळू विस्तार, करा. प्रत्येक आलाप गंधारावर किंवा षड्जावर टेकवा.

सकाळी 20 मिनिटं खर्ज (खालच्या स्वरांचा रियाज), मग 40 मिनिटं भूप, शेवटी 10 मिनिटं मोबाइलवर रेकॉर्डिंग. तंबोरा गळ्यापेक्षा हळू ठेवा. तंबोऱ्याच्या मोठ्या आवाजात उतरलेला सूर झाकला जातो. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐका, गाऊन झाल्या झाल्या सगळंच बरं वाटतं. वहीत तीन रकान्यांत लिहा: सूर कुठे सुटला, कोणती जागा (छोटी स्वराकृती) उसनी, कोणती आपसूक आली. हा तिसरा रकाना सुरुवातीला कोराच राहतो. राहू द्या.

ऐकायला तोच राग ग्वाल्हेर, किराणा आणि जयपूर घराण्यांच्या गवयांचा घ्या. सोबत गाऊ नका. त्यांच्या पट्टीत गळा ताणतो आणि रागाऐवजी लकबच चिकटते. आठवड्याला एकच जागा निवडून सरगम लिहा, दोन दिवस विसरा, मग आपल्या पट्टीत, विलंबित (संथ) एकतालात ती वेगळ्या मात्रेवरून उचलून सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठा. तशी ती बहुधा बदलते. तो बदल जपा, तो तुमचा आहे.

गळाच बंद असेल तरी कान चालू ठेवा. क्षयामुळे कुमार गंधर्वांचं गाणं काही वर्षं थांबलं होतं. देवासला तेव्हा कानावर पडलेल्या माळव्याच्या लोकगीतांतून पुढे त्यांचे धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले, राग आले.

ऑनलाइन शिकवणीत एकत्र गाऊ नका, आवाज उशिरा पोचतो आणि लय मोडते. तंबोरा आपल्याकडेच लावा. अ‍ॅपमधलं गोंगाट कमी करणारं सेटिंग बंद करा, नाहीतर तंबोऱ्यालाच गोंगाट समजून ते कापतं. गुरूंना तासाभराचं रेकॉर्डिंग पाठवू नका. चार मिनिटांचं पाठवा, आणि सोबत एकच नेमका प्रश्न: दुसऱ्या मिनिटाला धैवतावर थांबलो, तिथे भूप राहिला का?