नाशिकहून भंडारदरा, दोन दिवसांची ग्रुप ट्रिप: प्लॅन असा करा

गणपती उठले की आमच्या ग्रुपवर विषय निघतोच, चला कुठेतरी डोंगरात जाऊ. मग कोणी म्हणतं सापुतारा, कोणी म्हणतं साल्हेर, कोणी म्हणतं एकाच ट्रिपमध्ये त्र्यंबक, जव्हार, इगतपुरी, भंडारदरा सगळं करून टाकू. तर पहिली गोष्ट हीच सांगतो, सगळं करून टाकू नका. आम्ही एकदा तसं केलं, दोन दिवसात तीन घाट, पाच स्पॉट, आणि घरी आल्यावर पोरांना विचारलं काय आवडलं तर म्हणे हॉटेलातली खोली. कारण बाकी सगळा वेळ गाडीतच गेला होता. तेव्हापासून आम्ही एकच छोटा गोल निवडतो आणि त्यात थांबायला भरपूर वेळ ठेवतो. बारा-चौदा जणांसाठी मला सगळ्यात जमलेला वाटतो तो भंडारदऱ्याचा गोल. नाशिक, घोटी, बारी, शेंडी (भंडारदरा धरणाजवळचं गाव), धरणाच्या तलावाला पूर्ण वळसा, मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी रंधा, राजूर, अकोले, सिन्नर करत घरी. सगळं मिळून अडीचशे किलोमीटरच्या आसपास होतं आणि गेलेला रस्ता परत बघावा लागत नाही.

आधी तारीख. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य हा माझ्या मते सोन्यासारखा काळ, पावसाचा जोर उतरलेला असतो पण ओहोळ वाहते असतात, डोंगरांवर सोनकी पिवळी झालेली असते आणि खाचरांत भात लोंब्यांवर आलेला असतो. थोडं पुढे गेलात तर उतारावर खुरासणीची शेतं दिसतील, ती पण पिवळीच. जुलै-ऑगस्टमध्ये घाटघर भागात पाऊस इतका असतो की समोरची गाडी दिसत नाही, दरडी येतात, आणि हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर प्रशासन कधी कधी स्पॉटच बंद करतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर त्या वेळी नकोच. मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा काजव्यांचा, तो अनुभव वेगळाच आहे पण गर्दी प्रचंड आणि गाडी रात्रीची चालवावी लागते, त्यामुळे त्याचा प्लॅन वेगळा करावा. आणि जमलं तर शनि-रविऐवजी रवि-सोम करा, एक सुट्टी टाकावी लागते पण रस्ता रिकामा मिळतो.

तारीख ठरवताना ग्रुपवर दहा दिवस चर्चा करत बसू नका. दोन तारखा टाका, पोल लावा, आणि ज्याने अॅडव्हान्स पाठवला तोच येणार असं सरळ सांगा. "बघतो, कळवतो" वाल्यांना धरून रूम बुक केल्या की भुर्दंड बाकीच्यांना पडतो. काँट्री गोळा करायला एकच माणूस ठेवा, त्याच्याकडे सगळ्यांनी सारखी रक्कम आधीच द्यायची आणि डिझेल, चहा, जेवण, टोल सगळं त्यातूनच जाणार. प्रत्येक टपरीवर "मी देतो, मी देतो" चालू झालं की वेळही जातो आणि नंतर मनात पण राहतं. थोडे पैसे कॅश ठेवाच, रतनवाडी-साम्रदकडे नेटवर्क नसलं की ऑनलाईन पेमेंट अडकून बसतं.

आता गाड्या. चौदा जणांना सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची की आपल्याच तीन गाड्या, हा वाद दरवेळी होतो. माझं मत, ज्यांना घाटात चालवायची सवय आहे असे तीन जण ग्रुपमध्ये नसतील तर सरळ ट्रॅव्हलर घ्या, पण पिवळ्या नंबर प्लेटची. ओळखीतल्या कोणाची पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने घेऊ नका, काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. स्वतःच्या गाड्या असतील तर निघायच्या चार दिवस आधी टायर, ब्रेक पॅड, वायपर, कूलंट आणि स्टेपनीची हवा बघून घ्या. स्टेपनीची हवा लोक हमखास विसरतात.

घाटात गाडी उतरवताना न्यूट्रल अजिबात करू नका, डिझेल वाचत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. एकदा उतरताना आमच्या मागच्या गाडीतून जळका वास यायला लागला, चालवणारा सारखा ब्रेकवर पाय ठेवून होता. गाडी बाजूला घेतली, वीस मिनिटं चाकं थंड होऊ दिली, पाणी मारलं नाही. तापलेल्या डिस्कवर पाणी मारलं तर ती वाकते किंवा तडकते, हे लक्षात ठेवा. अरुंद रस्त्यावर समोरासमोर आलात तर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, तो नियमच आहे. धुक्यात लाईट लो बीमवर, कारण हाय बीमचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यावर येतो.

तीन गाड्या असतील तर क्रम ठरवा. रस्ता माहीत असलेला पुढे, सगळ्यात हळू चालवणारा मध्ये, आणि घाटाची सवय असलेला शेवटी. आणि एक नियम सगळ्यांना पाठ करायला लावा, फाटा आला की मागची गाडी दिसेपर्यंत वळायचं नाही. आमची तिसरी गाडी एकदा घोटीला वळायच्या ऐवजी सरळ इगतपुरीकडे गेली, तोवर आम्ही पुढे डोंगरात शिरलो होतो, फोन लागेना, दीड तास गेला आणि त्या गाडीत एक आजी होत्या ज्यांची औषधं आमच्या गाडीत होती. तेव्हापासून औषधांची पिशवी ज्याची त्याच्या गाडीत, आणि मॅप सगळ्यांच्या फोनमध्ये ऑफलाईन डाउनलोड. मॅप दाखवतो त्या वेळेवर जाऊ नका, डोंगरातल्या रस्त्याला तासाला पंचवीस-तीस किलोमीटर धरा, आणि त्यात थांबे वेगळे.

पहिला दिवस. सहा म्हणजे सहाला पाथर्डी फाटा. मिसळ खाऊनच निघू असं कोणीतरी म्हणेलच, पण ज्यांना गाडी लागते त्यांनी घाटाआधी तर्री खाऊ नये हे मी हात जोडून सांगतो. थोडं कोरडं खा, अगदी रिकामं पोटही नको, पुढच्या सीटवर बसा, काच थोडी उघडी ठेवा, फोन बघू नका, आवळा सुपारी नाहीतर सुंठ जवळ असू द्या. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच, ओकारी सुरू झाल्यावर गोळीचा काही उपयोग नाही.

विल्होळी, वाडीवऱ्हे करत तासाभरात घोटी. इथे टाकी फुल करा, चहा घ्या, आणि बायकांसाठी नीट स्वच्छतागृह बघून थांबा, कारण पुढे सोय कमी आहे. घोटीला हायवे सोडून डावीकडे वळलं की खरी ट्रिप सुरू होते. उजवीकडे अलंग, मदन, कुलंग या किल्ल्यांची रांग दिसायला लागते आणि मग बारीजवळ कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणेल चढून येऊ. नको. कळसूबाईला सगळा दिवस द्यावा लागतो, त्यासाठी वेगळं यावं. खालून फोटो काढा आणि पुढे शेंडी.

शेंडीला नाश्ता करून रात्रीच्या जेवणाची आणि मुक्कामाची खात्री तिथेच करून घ्या. दुपारचं जेवण रतनवाडीत घ्यायचं असेल तर आदल्या दिवशीच फोन करून माणसं किती ते सांगा. तिथे लोक घरी करून वाढतात, तुम्ही आल्यावर चुलीवर तवा चढतो, त्यामुळे न सांगता चौदा जण टपकलात तर दोन तास बसावं लागेल आणि त्या बाईंची पण धांदल होते. तांदळाची नाहीतर नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि इकडचा भात, पनीर मागू नका. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर फी भरून पावती जपून ठेवा.

तलावाला वळसा कोणत्या बाजूने घालायचा याला महत्त्व आहे. आम्ही आधी मुतखेलमार्गे रतनवाडीला जातो, कारण अमृतेश्वराचं देऊळ सकाळच्या उजेडात बघण्यासारखं आहे. काळ्या दगडातलं, भूमिज शैलीचं, शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा वर चढत गेलेल्या. घाई न करता एक तास द्या. मागे रतनगड उभा असतो. मग साम्रद. तिथली सांदण दरी पावसाळ्यात आणि पाऊस पडून गेल्यावर काही दिवस पण आत उतरायची नाही. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये चिंचोळी वाट, वर कुठे पाऊस झाला तर पाण्याचा लोंढा यायला वेळ लागत नाही आणि पळायला जागाच नाही. तोंडापाशी उभं राहून बघा, बास.

चार-साडेचारला घाटघरला पोचा. कोकणकड्याच्या काठावर पश्चिमेचं ऊन असतं आणि खाली कोकण उघडं पडतं, फक्त काठापासून चार पावलं मागे उभे रहा आणि पोरांचे हात धरा, ओल्या गवतावर पाय घसरतो. पोरांना तिथला वीज प्रकल्प पण सांगा, २५० मेगावॅटचा आहे, विजेची गरज जास्त असते तेव्हा वरच्या धरणातलं पाणी खाली सोडून वीज करतात आणि गरज कमी असते तेव्हा तेच पाणी परत वर खेचतात. आमच्या पोरांना हे धबधब्यापेक्षा जास्त आवडलं होतं.

पाचला तिथून निघायचंच. उडदावणे, पांजरे, मुरशेत करत अंधाराच्या आत शेंडी. सप्टेंबर अखेरीला सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो, आणि त्याच वेळी गुरं घरी परतत असतात. इकडची डांगी जनावरं रस्ता तुमच्यासाठी सोडत नाहीत आणि सोडूही नये, त्यांचाच रस्ता आहे तो. हॉर्न न वाजवता थांबा. पूर्ण वळसा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचाच आहे पण दिवस त्यातच जातो, म्हणून त्याच्यात आणखी काही कोंबू नका. रस्ता कुठे खचलाय का हे सकाळीच शेंडीत विचारून घ्या, खचला असेल तर रतनवाडीवरून गेलात तसेच परत या, वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

गावातून जाताना स्पीकर बंद. भाताच्या खाचरात फोटोसाठी उतरायचं नाही, बांध ढासळतो आणि उभं पीक आडवं होतं. रील काढायला दहा सेकंद लागतात, तो बांध परत घालायला त्या माणसाचा दिवस जातो. कचऱ्यासाठी प्रत्येक गाडीत एक मोठी पिशवी ठेवा आणि ती नाशिकला येऊनच रिकामी करा.

दुसऱ्या दिवशी लवकर उठणाऱ्यांनी धरणावर चक्कर मारावी. विल्सन डॅम, १९२६ साली पूर्ण झालेलं, प्रवरेवरचं. नाश्ता करून नऊला निघा, रंधा धबधबा रेलिंगच्या आतून बघा, राजूरला पेढे घ्या, मग अकोले. याच तालुक्यातलं कोंभाळणे हे बीजमाता राहीबाई पोपेरेंचं गाव, देशी बियाणं जपल्याबद्दल त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, गाडीत मुलांना तेवढं सांगता येतं. अकोल्याहून सिन्नरकडे यायचा रस्ता मला फार आवडतो, डोंगर हळूहळू मागे पडतात आणि भाताच्या जागी कांदा, बाजरी दिसायला लागते, तासाभरात पाऊसमान बदललेलं डोळ्यांनी कळतं. वेळ असेल तर वाटेत टाहाकारीचं देवीचं देऊळ बघा, कोरीव काम सुंदर आहे. नसेल तर सिन्नरचं गोंदेश्वर मात्र सोडू नका. यादवांच्या काळातलं, चार बाजूंना चार छोटी देवळं, आणि शिखर परत भूमिज. काल अमृतेश्वराचं जवळून बघितलं असेल तर इथे फरक आणि सारखेपणा दोन्ही आपोआप दिसतात.

गोंदेश्वरहून चारच्या आत निघा, पुढे शिंदे टोलनाक्याला रविवारी संध्याकाळी रांग लागते, फास्टॅगमध्ये बॅलन्स आहे ना ते आधी बघा. डिझेलचा अंदाज म्हणाल तर घाटात लिटरला बारा किलोमीटर धरून एका गाडीला वीस-एकवीस लिटर. इमर्जन्सीला ११२, अॅम्ब्युलन्सला १०८, आणि ग्रुपमध्ये निदान दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं असू द्या. ज्याच्याकडे काँट्री आहे त्याने हिशोब त्याच रात्री ग्रुपवर टाकायचा, उरलेले पैसे ज्याचे त्याला परत, आणि फोटो एका ड्राईव्ह फोल्डरमध्ये.