या चुका टाळा: स्नॅपशॉटवरून बॅकअप डेटास्टोअर परत आणताना

रोलबॅकची, म्हणजे डेटा जुन्या स्नॅपशॉटच्या (एका क्षणी गोठवलेल्या प्रतीच्या) स्थितीला परत नेण्याची कमांड एका ओळीची आहे आणि तीच तिची मोठी अडचण आहे. डेटास्टोअरमधले (बॅकअप साठवण्याच्या जागेतले) बॅकअप गायब दिसले की घाईतला ॲडमिन पाच मिनिटांत ती ओळ टाइप करून मोकळा होतो आणि पुढचा आठवडा निस्तरत बसतो. खालचं सगळं झेडएफएस (स्नॅपशॉट घेता येणारी फाइल सिस्टम) पूलवरच्या प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरबद्दल, म्हणजे व्हर्च्युअल मशीनचे बॅकअप ठेवणाऱ्या सर्व्हरबद्दल आहे.

‘आर’ लावून थेट रोलबॅक

झेडएफएस फक्त सगळ्यात ताज्या स्नॅपशॉटवर सरळ रोलबॅक करू देतं. त्याआधीचा स्नॅपशॉट मागितला की ते अडतं, मधले स्नॅपशॉट दाखवतं आणि ‘ते काढायचे असतील तर कमांडला आर हा स्विच लावा’ असं सांगतं. लोक संदेश वाचत नाहीत, स्विच तेवढा उचलतात. स्नॅपशॉट घेताना हाच आर ‘खालचे सगळे डेटासेट’ (पूलमधले फोल्डरसारखे भाग) अशा अर्थाने वापरलेला असतो, म्हणून रोलबॅकमध्येही तेच होईल असं धरून चालतात. तसं होत नाही. इथे आर म्हणजे मधले सगळे स्नॅपशॉट नष्ट. खालच्या डेटासेटना तो हातही लावत नाही. कॅपिटल आर लावला तर त्या स्नॅपशॉटवरचे क्लोनही (त्यांच्यावरून बनवलेल्या, लिहिता येणाऱ्या प्रती) जातात.

म्हणून आधी क्लोन, रोलबॅक नंतर, आणि बहुतेक वेळा लागतच नाही. हव्या त्या स्नॅपशॉटला ‘होल्ड’ लावा, म्हणजे कुणाच्या स्क्रिप्टने तो उडणार नाही. त्यावरून क्लोन करा. तो स्नॅपशॉटचेच ब्लॉक वाटून घेतो, त्यामुळे सुरुवातीला जागा जवळपास लागत नाही. क्लोन डेटास्टोअरच्या फोल्डरबाहेर माउंट करा आणि सर्व्हरमध्ये वेगळ्या नावाने जोडा. नव्या आवृत्त्यांत असलेलं डेटास्टोअर पुन्हा वापरण्याचा पर्याय आहे. जुन्या आवृत्तीत डेटास्टोअरच्या कॉन्फिग फाइलमध्ये हाताने नोंद घालावी लागते. या नव्या नोंदीवर प्रून (जुने बॅकअप काढणं), गार्बेज कलेक्शन (कुणालाच न लागणारा डेटा झाडणं), सिंक (दुसऱ्या सर्व्हरशी बॅकअप जुळवणं) यांचं एकही वेळापत्रक नको. एखाद-दुसरं व्हीएमच (व्हर्च्युअल मशीन) हवं असेल तर ते इथूनच रिस्टोअर करा आणि विषय संपवा.

वेळापत्रकं चालूच ठेवणं

ज्या कारणाने बॅकअप गेले ते कारण तसंच ठेवून डेटा परत आणणारे कमी नाहीत. एका कंपनीत शुक्रवारी प्रून जॉबमध्ये शेवटचे ३० ठेवण्याऐवजी शेवटचा १ ठेवा असं पडलं. सोमवारी दुपारी कुणाच्या तरी लक्षात आलं. टीमने आर लावून शुक्रवार संध्याकाळच्या स्नॅपशॉटवर रोलबॅक केला, तीसच्या तीस बॅकअप दिसले, सगळे घरी गेले. प्रूनचं कॉन्फिग डेटास्टोअरमध्ये नसतं, ते सर्व्हरच्या ईटीसी फोल्डरमध्ये असतं, त्यामुळे रोलबॅकने ते बदललंच नव्हतं. रात्री तोच जॉब पुन्हा चालला आणि पुन्हा एकेक बॅकअप उरला.

इतकं एक वेळ ठीक, कारण शुक्रवारचा स्नॅपशॉट शाबूत होता. पण दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर सिंक जॉब होता आणि त्यात ‘रिमूव्ह व्हॅनिश्ड’ चालू केलेलं होतं, म्हणजे मूळ ठिकाणी जे नाही ते इथूनही काढ. रविवारचा बॅकअप रोलबॅकमुळे मूळ ठिकाणाहून गेला होता; रात्री सिंकने तो तिकडूनही पुसला. नेमका तोच महिनाअखेरचा अकाउंट्सचा बॅकअप होता, ऑडिटसाठी ठेवायचा. आरमुळे रविवारचा स्नॅपशॉटही उरला नव्हता. एकही डिस्क बिघडलेली नसताना बॅकअप दोन्हीकडून गेला.

रिमूव्ह व्हॅनिश्ड मुळात बंद असतं. जागा वाचवायला ते चालू करणाऱ्यांनी दुसऱ्या ठिकाणी प्रून वेगळा लावावा, एवढा कंटाळा बरा नाही. जे बॅकअप जायलाच नकोत त्यांच्यावर ‘प्रोटेक्टेड’ खूण करा. प्रून त्यांना सोडून देतो.

क्रम असा ठेवा: गडबड कळताच डेटास्टोअर मेंटेनन्स मोडमध्ये ‘रीड-ओन्ली’ करा, म्हणजे प्रून आणि गार्बेज कलेक्शन दोन्ही थांबतात. मग दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरवर जाऊन सिंक बंद करा, कारण तो तिथून ओढत असेल तर इकडच्या रीड-ओन्लीने थांबत नाही. चूक कॉन्फिगमध्ये असेल तर ती दुरुस्त करा. स्नॅपशॉटकडे वळायचं ते यानंतर.

फक्त फोल्डर कॉपी करणं

हे कधी चालतं आणि कधी नाही, ते गार्बेज कलेक्शनवर ठरतं. बॅकअपच्या तारखेच्या फोल्डरमध्ये इंडेक्स (कोणते तुकडे लागतात त्याची यादी) आणि मॅनिफेस्टसारख्या छोट्या फाइल्स असतात. खरा डेटा ‘डॉट चंक्स’ फोल्डरमध्ये, चंक म्हणजे तुकड्यांच्या रूपात. प्रून इंडेक्स काढतो, चंक तसेच राहतात. गार्बेज कलेक्शन आधी उरलेल्या इंडेक्समधल्या चंकना हात लावून त्यांची ॲक्सेस वेळ ताजी करतं आणि मग साधारण २४ तास ५ मिनिटांपेक्षा जुनी वेळ असलेले चंक झाडून टाकतं. ते अजून चाललं नसेल तर स्नॅपशॉट जिथे दिसतात त्या लपलेल्या ‘डॉट झेडएफएस’ फोल्डरमधून तारखेचं फोल्डर मालकी सांभाळून कॉपी करा, काम झालं. चालून गेलं असेल तर बॅकअप यादीत दिसेल आणि रिस्टोअर मध्येच चंक सापडत नाही म्हणून थांबेल. मग क्लोनच हवा.

अख्खं चंक्स फोल्डर कॉपी करायच्या फंदात पडू नका. व्हीएमच्या बॅकअपमध्ये एक चंक ४ एमआयबीचा. १० टीआयबी वेगळा डेटा म्हणजे २६,२१,४४० फाइल्स. फिरत्या डिस्कवर ही कॉपी दिवसेंदिवस रखडते.

जुनी हिरवी खूण खरी मानणं

व्हेरिफायचा (बॅकअप शाबूत आहे का या तपासणीचा) निकाल बॅकअपच्याच मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे त्याच्या माहितीच्या फाइलमध्ये लिहिलेला असतो, त्यामुळे स्नॅपशॉटबरोबर तोही परत येतो. वर व्हेरिफाय जॉब आधी तपासलेले बॅकअप मुळातच वगळतो. परिणामी जॉब दोन मिनिटांत ‘सगळं ठीक’ म्हणून संपतो, कारण त्याने काही वाचलेलंच नसतं. तो वगळण्याचा पर्याय बंद करून सगळं नव्याने तपासा, वेळ लागू द्या. बिघडलेल्या चंकच्या नावाला ‘बॅड’ जोडलं जातं, तेही शोधून पाहा. मग एक व्हीएम नव्या आयडीवर रिस्टोअर करून नेटवर्क तोडून बूट करा. लॉगिनपर्यंत गेल्याशिवाय कुणालाही ‘झालं’ असं कळवू नका.

बाकीच्या, थोडक्यात

पूल भरला म्हणून सगळ्यात जुना स्नॅपशॉट उडवू नका, बहुतेक तोच लागणार असतो. स्नॅपशॉट काढणाऱ्या डिस्ट्रॉय कमांडला ‘एन’ आणि ‘व्ही’ लावून किती जागा सुटेल ते आधी पाहा.

रूटने कॉपी केलेल्या फाइल्सची मालकी ‘बॅकअप’ या युजरकडे हवी, नाहीतर परवानगीच्या चुका येतात.

बॅकअप चालू असताना घेतलेल्या स्नॅपशॉटमध्ये ते बॅकअप अर्धवटच असणार, म्हणून स्नॅपशॉटची वेळ बॅकअप संपल्यानंतरची ठेवा.

एन्क्रिप्शन की डेटास्टोअरमध्ये नसते. ती व्हर्च्युअलायझेशन होस्टवर असते आणि तिची प्रत दोन्ही सर्व्हरबाहेर हवी. ती नसेल तर चंक पूर्ण असूनही उपयोग शून्य.

होल्ड चुकून होणाऱ्या डिलीटपासून वाचवतो, रूट मिळवलेल्या माणसापासून नाही.

क्लोनच कायमचा ठेवायचा ठरला तर त्याला ‘प्रमोट’ करा (म्हणजे तो जुन्या डेटासेटवर अवलंबून राहत नाही), माउंटपॉइंट अदलाबदल करा आणि जुना डेटासेट नाव बदलून निदान पंधरा दिवस तसाच राहू द्या.