ओव्हरक्लॉकिंग आणि वॉरंटी : बायोसला हात लावण्याआधी काय पाहावे, नंतर काय जपावे

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे. ते बहुधा बायोसमधून, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रणालीतून केले जाते. ते करायला बसण्याआधी प्रोसेसरचा डबा आणि बिल टेबलावर काढून ठेवावे, कारण पुढचे बहुतेक निर्णय या दोन वस्तूंवर अवलंबून असतात. डबाबंद प्रोसेसरवर इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्या साधारणपणे ३ वर्षांची वॉरंटी स्वतः देतात. नुसत्या प्लास्टिकच्या खोक्यातून मिळणाऱ्या 'ट्रे' प्रोसेसरची जबाबदारी मात्र विकणाऱ्याकडे असते, आणि त्याने हात वर केले तर कंपनीच्या दारात उभे राहण्याचा हक्क आपल्याला उरत नाही. आपल्या भागात बेळगावातून खरेदी करणारे आहेत, तसेच निपाणी-चिकोडीकडून कोल्हापूरला जाणारे किंवा बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून माल मागवणारेही पुष्कळ आहेत. बिलावरचा जीएसटी क्रमांक २९ ने सुरू झाला तर दुकान कर्नाटकातले आणि २७ ने सुरू झाला तर महाराष्ट्रातले. कंपनीच्या वॉरंटीला या फरकाने बाधा येत नाही, पण कच्च्या बिलाने येते. म्हणून पक्के बिल घ्यावे आणि त्यावर प्रोसेसरचा सिरियल क्रमांक लिहून घ्यावा. प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावर कोरलेली अक्षरे कूलर बसवताना लावायच्या थर्मल पेस्टखाली झाकली जाण्याआधी त्यांचा स्वच्छ फोटोही काढून ठेवावा.

त्यानंतर आपला प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो का, हे पाहावे. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'के' असलेले प्रोसेसर खुले असतात, आणि त्यांचा गुणक, म्हणजे वेग ठरवणारा आकडा, वाढवायला 'झेड' मालिकेचा मदरबोर्ड लागतो. 'बी' मालिकेच्या बोर्डावर हे जमत नाही. एएमडीचे बहुतेक रायझन प्रोसेसर खुले आहेत आणि त्यांना 'बी' किंवा 'एक्स' मालिकेचा बोर्ड चालतो. अपवाद आहेतच. रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरचा गुणक कंपनीनेच बंद ठेवला आहे.

आता वॉरंटीच्या कागदाकडे वळू. कंपनी ज्या वेगाची आणि व्होल्टेजची हमी देते त्यांच्या बाहेर प्रोसेसर चालवल्यास वॉरंटी रद्द होऊ शकते, असे इंटेल सांगते. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, मग ते ओव्हरक्लॉकिंग आमच्याच सॉफ्टवेअरमधून केलेले असले तरीही, असे एएमडी म्हणते. कंपनीने सोय दिली म्हणजे परवानगी दिली, असा समज करून घेणारे मला वारंवार भेटतात आणि त्यांची फसगत नेमकी इथेच होते. एएमडीच्या बोर्डांवर बायोसमध्ये एका क्लिकवर सुरू होणारे 'पीबीओ', म्हणजे वेग आपोआप वाढवणारी सोय, याच कलमाखाली येते. रॅम जास्त वेगाने चालवणारे 'एक्सएमपी' किंवा 'एक्सपो' हे तयार प्रोफाइलही ओव्हरक्लॉकिंगच मानले जाते. रायझन ७००० मालिकेचा अधिकृत मेमरी वेग ५२०० आहे, तरी बहुतेक लोक ६००० ची रॅम घेऊन प्रोफाइल सुरू करतात. डब्यावर छापलेल्या वेगाची हमी रॅमची कंपनी रॅमपुरती देते. तीच हमी प्रोसेसरच्या कंपनीवर बंधनकारक नसते.

ओव्हरक्लॉक करून प्रोसेसर जळाला तरी एकदा बदलून मिळावा, अशी स्वतंत्र योजना इंटेल २०१२ पासून पैसे घेऊन देत होती. ती २०२१ मध्ये बंद झाली. एएमडीच्या थ्रेडरिपर ७००० मालिकेत तर ओव्हरक्लॉकिंग सुरू करताच चिपमधला एक सूक्ष्म फ्यूज कायमचा उडतो आणि त्याची खूण राहते. तेवढ्याने वॉरंटी जात नाही, ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान मात्र भरून मिळत नाही, असा खुलासा कंपनीने २०२३ मध्ये केला.

हे सगळे वाचूनही पुढे जायचे असेल, तर धोका कशात आहे ते समजून घ्यावे. प्रोसेसरचा वेग म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका गुणिले गुणक. गुणक ४४ असेल तर ४.४ गिगाहर्ट्झ, ४८ असेल तर ४.८. विजेचा खर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या बाबतीत तो वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४.४ वरून ४.८ ला जाताना व्होल्टेज १.२० वरून १.३५ केले, तर वेग ९ टक्के वाढतो आणि वीज व उष्णता सुमारे ३८ टक्के. चिपमधल्या अतिसूक्ष्म तारांची झीज याच व्होल्टेजने आणि उष्णतेने होते, आणि ती भरून निघत नाही. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील काही प्रोसेसर ओव्हरक्लॉक न करताही अस्थिर होऊ लागले, तेव्हा गरजेपेक्षा जास्त मागितले जाणारे व्होल्टेज हे कारण निघाले. २०२४ मध्ये कंपनीने मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम, दुरुस्त केला आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. म्हणून माझा आग्रह असा की गुणक वाढवावा, व्होल्टेज वाढवू नये. आहे त्या व्होल्टेजवर जेवढे मिळते तेवढे घेऊन थांबावे.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात बायोस अद्ययावत करण्यापासून करावी. हे काम यूपीएस लावूनच करावे. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला हेस्कॉमची वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. मग काहीही न बदलता वेग मोजणारे सिनेबेंच चालवून त्याचे गुण आणि एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये दिसणारे कमाल तापमान वहीत लिहावे. ही वही खरोखर ठेवावी, तारखेसह.

आता गुणक एकाने वाढवावा, संगणक सुरू करावा, पंधरा मिनिटे ताणाची चाचणी घ्यावी, आकडे लिहावेत आणि मगच पुढची पायरी चढावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. रॅमचे प्रोफाइल आणि गुणक एकाच संध्याकाळी बदलले, तर विंडोज कोलमडून निळा पडदा आल्यावर दोष कोणाचा हे कळत नाही. संगणक बंद पडला किंवा विंडोजच्या नोंदीत 'डब्ल्यूएचइए' ही हार्डवेअरची त्रुटी दिसली, की एक नव्हे, दोन पायऱ्या खाली यावे आणि रात्रभर चाचणी लावावी. संगणक सुरूच होत नसेल, तर वीज काढून बोर्डावरचे नाण्यासारखे सीआर२०३२ सेल काही मिनिटे बाहेर ठेवावे, म्हणजे बायोस मूळ स्थितीला येतो.

तापमानाची चाचणी एप्रिलच्या दुपारी घ्यावी. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच तापतो. डिसेंबरच्या थंडीत टिळकवाडीत स्थिर वाटलेला संगणक उन्हाळ्यात अथणीला नेल्यावर कोलमडलेला मी पाहिला आहे. बहुतेक इंटेल प्रोसेसर १०० अंशांना आणि रायझन ७००० मालिकेतील बहुतेक ९५ अंशांना स्वतःच वेग कमी करतात. सततच्या कामात ८५ च्या आत राहावे, असे मी सांगेन.

उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ज्या संगणकावर साच्यांची ड्रॉइंग होतात, तो वॉरंटी संपेपर्यंत ओव्हरक्लॉक करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नऊ टक्क्यांसाठी तीन वर्षांचे संरक्षण सोडणे, आणि वर चुकीच्या गणिताने बिघडलेल्या फाइलचा धोका पत्करणे, हा व्यवहार परवडणारा नाही. शिकण्यासाठी करणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याने जरूर करावे, घरच्यांना आधी सांगून करावे.

प्रोसेसरचे धातूचे झाकण उघडून आत पेस्टऐवजी द्रवधातू भरण्याच्या वाटेला मात्र कोणीही जाऊ नये, कारण तिथे वॉरंटी निश्चितपणे संपते. कूलर काढतानाही जपावे. प्रोसेसरलाच पिना असलेल्या एका संगणकाचा कूलर मी थंड असतानाच सरळ वर ओढला होता. वाळलेल्या पेस्टने प्रोसेसर सॉकेटमधून उपटून वर आला आणि कडेच्या दोन पिना वाकल्या. पुढे त्याच प्रोसेसरचा दुसराच दोष निघाला, पण वाकलेल्या पिना पाहून सेवा केंद्राने दावा नाकारला. तेव्हापासून मी दहा मिनिटे संगणक चालवून पेस्ट मऊ करतो, वीज बंद करतो आणि कूलर डावीउजवीकडे हलके फिरवून मगच उचलतो.

दावा करताना ओव्हरक्लॉकिंगबद्दल विचारले तर खरे सांगावे. वहीत गुणक, व्होल्टेज आणि तापमानाच्या नोंदी असतील तर आपले म्हणणे मांडायला आधार मिळतो. ओव्हरक्लॉकिंग केलेलेच नसताना तोंडी नकार मिळाला, तर कारण लेखी मागावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार माल कोल्हापुरात किंवा पुण्यात घेतला असला, तरी तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे, म्हणजे आपल्या बाबतीत बेळगावात, तक्रार करता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते.

मदरबोर्ड पाठवायचा असेल आणि पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतील, तर खरेदीच्या वेळी सॉकेटवर असलेले काळे प्लास्टिकचे झाकण पुन्हा बसवूनच तो पाठवावा. ते झाकण पहिल्याच दिवशी मदरबोर्डच्या डब्यात, बिलाच्या झेरॉक्ससोबत टाकून ठेवावे.